मऊ पॅडल

‘ब्रेकचे पॅडल मऊ लागते’ एवढीच फिर्याद घेऊन गाडी दारात येते, आणि त्या एका मोघम शब्दाआड निदान चार गुन्हेगार दडलेले असतात, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. चेंडूसारखे उसळते ती हवा. दाबून धरले असता मुकाट्याने खाली बसत जाते तो मास्टर सिलिंडरचा वायसर. पहिल्या दाबाला पोकळ आणि दुसऱ्याला वर येते ते शूचे ॲडजस्टमेंट. हा निवाडा चाळीस वर्षे मी डोळ्यांनी नव्हे, उजव्या पावलाने केला. जुन्या बाजारात आडते रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, त्या हत्ता पद्धतीवर पुढे कायद्याने बंदी आली. माझ्या पावलाचा कारभारही तसाच झाकलेला, साक्षीपुराव्यावाचून चाललेला होता, आणि त्याचा मला अतोनात गर्व होता.

गेल्या वर्षी मधुमेहाने त्या पावलाची जाणीव नेली. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा धागा तळव्याला लावीत ‘कळते का?’ म्हणून विचारले, आणि मी दर वेळी ‘हो’ म्हणत राहिलो. डोळे उघडले तेव्हा धागा टेबलावर पडलेला होता. गॅरेजात ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही.

अशा स्थितीत गुळाच्या एका आडत्याची प्रीमियर पद्मिनी आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, चारही चाकांना ड्रम असलेली ही गाडी. तिच्या जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, पण आमच्या मार्केट यार्डाच्या आसपास अशा एकदोन म्हाताऱ्या अजून इमानेइतबारे नांदतात. मालक पंधरवड्यातून एकदा सासवडला जातात आणि दिवे घाट उतरून परततात, तेव्हा मऊ पॅडल हा चेष्टेचा मामला नव्हता. ‘मिस्त्री, ड्रम घासून आणल्यापासूनच हे सुरू झालंय,’ असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी हसलो, सीटवर बसलो, बधिर पावलाने पॅडल दाबले आणि ‘हवा आहे’ असा हुकूम सुनावला.

चार वेळा हवा काढली. हाताखालचा पोरगा सीटवर, मी चाकापाशी. निपलला लावलेल्या नळीचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले. ‘दाब, धर, सोड.’ (पॅडलखाली लाकडी ठोकळा ठेवायला मी विसरलो नव्हतो, जुन्या सिलिंडरात पॅडल तळापर्यंत नेले की वायसर कधी न फिरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हवा काढण्याच्या भानगडीत पडू नये.) बाटलीत एकही बुडबुडा आला नाही. पोरगा पाय नीट दाबत नाही म्हणून मी त्याच्यावर डाफरलो. मग मास्टर सिलिंडरवर संशय धरून त्यात नवे किट घातले, आणि पॅडल होते तिथेच राहिले.

आजकालच्या गॅरेजांत असे झाले की अख्खा सिलिंडर बदलतात, मग चाकांतले, मग पाइप, आणि शेवटी कधीतरी योग्य वस्तूची पाळी येऊन गाडी बरी होते. याला ते निदान म्हणतात. ही टीका मी गेली वीस वर्षे प्रत्येक चहाबरोबर करीत आलो आहे. त्या दिवशी मात्र किटचे रिकामे खोके हातात असताना ती माझ्या तोंडून निघाली नाही.

पाचव्या खेपेस मी विचारले, ‘अरे, मऊ म्हणजे कसं मऊ?’ पोरगा हमालाचा. सुटीत त्याने स्वतः पाठीवर पोती वाहिलेली. क्षणभर विचार करून तो म्हणाला, ‘काका, कांद्याच्या पोत्यावर पाय ठेवल्यासारखं. आधी दबतं, मग थांबतं. पण खाली जात नाही, उसळतही नाही.’

हवा उसळली असती आणि फाटका वायसर खाली गेला असता, हे त्या एका वाक्यात होते. पुढच्या चाकांचे रबरी होज फडके गुंडाळून पकडीने दाबले, आणि पॅडल तत्काळ दगडासारखे झाले. पकडी काढून होज मुठीत धरले. दाबाखाली ते फुगत नव्हते. मग ड्रम उतरवला. आत काळी धूळ होती. पूर्वी ती मी फुंकरीने उडवीत असे, ॲस्बेस्टॉसचे कळल्यापासून ओल्या फडक्याने टिपतो. लायनरच्या ऐन मध्यावर दोन बोटे रुंदीचा पट्टा चकाकत होता, आणि दोन्ही टोके कारखान्यातून आली तशी कोरी, खरबरीत. ड्रम मोठा झालेला, लायनरची गोलाई लहान; शू मध्येच टेकत होता आणि उरलेला दाब त्याला वाकवण्यात खर्ची पडत होता. तेच ते कांद्याचे पोते.

ड्रम एवढा कोणी कापला होता, याची चौकशी करण्याची गरज नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नाना पेठेतल्या लेथवर मीच उभा होतो. चरे गेले होते, लेथवाला थांबला होता, आणि ‘आणखी एक हात मारा, आरशासारखा दिसला पाहिजे,’ असे मीच म्हणालो होतो. ड्रमच्या आतले तोंड रस्त्यावर कोणाला दिसते!

दुपारभर पोराने ड्रमच्या आत पॉलिश पेपर चिकटवून त्यावर लायनर ओले करून घासले. टोके टेकू लागली तेव्हा हाताखाली घासण्याचा आवाज बदलला, तो मात्र मला ऐकू आला. संध्याकाळी तो गंगाधामच्या चढावर गाडी फिरवून आला आणि काही न बोलता किल्ली खिळ्याला लावली. मग बिलाचे पुस्तक घेऊन बसला. मास्टर सिलिंडर किट या ओळीपाशी त्याचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले.

‘लिही,’ मी म्हणालो.