बीटलची समोरची काच

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर बीटलची समोरची काच मागितली, की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या सालची?" आरसी बुकातली नोंदणीची तारीख सांगून भागत नाही. बाहेरून आलेली गाडी बनते एका साली, इथे नोंदली जाते भलत्याच साली, आणि ही काच फक्त जन्मसाल मानते.

ऑगस्ट १९६४ मध्ये, म्हणजे ६५च्या मॉडेलपासून, फोक्सवॅगनने बीटलच्या काचा मोठ्या केल्या. आधीची समोरची काच सपाट होती; ती थोडीशीच वाढली, किंचित बाकदार झाली. लांबून दोघी बहिणी सारख्याच दिसतात, पण एकीच्या चौकटीत दुसरी जाणार नाही म्हणजे नाही. पुढे १९७२ मध्ये १३०३ ही सुपर बीटल आली, तिची काच तर चांगलीच फुगीर.

काच हट्टी खरी, पण लबाड नाही. मागची सीट उचला, मधल्या बोगद्यावर चॅसी नंबर ठोकलेला दिसेल. ६५पासूनच्या गाडीत पहिले दोन आकडे ११ असतील तर साधी बीटल, १३ असतील तर सुपर बीटल, १५ असतील तर कापडी टपाची. तिसरा आकडा मॉडेलच्या सालाचा शेवटचा. ११५ने सुरू होणारी गाडी ६५ची किंवा ७५ची. सुपर बीटलमध्ये तिसरा आकडा ३ किंवा पुढचा असला, की फुगीर काच शोधायची. निम्मी वणवण इथेच वाचते.

काच बसते कशी, हे एकदा जवळून पाहावं. आधी काचेला रबराचं बीडिंग चढवतात. त्याच्या खाचेत दोरी फिरवून दोन्ही टोकं गाडीत सोडतात, रबराला साबणाचं पाणी लावतात. बाहेरचा कारागीर दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरतो. आतला दोरी सावकाश ओढत जातो, तशी रबराची कड पत्र्यावर चढते. माप चुकलं असेल तर काच कोपऱ्यात ताण धरते, मग एखाद्या खड्ड्यातही तडकू शकते. ठोकून बसवणाऱ्याच्या हाती ती देऊच नये.

आणि काच लॅमिनेटेडच घ्यावी. दोन काचांमधला प्लास्टिकचा पापुद्रा फुटलेले तुकडे धरून ठेवतो. टफन्ड काचेचा क्षणात चुरा होतो, समोरचा रस्ता दिसेनासा होतो. ६४पर्यंतची सपाट काच तर चांगला कारागीर लॅमिनेटेड काचेच्या शीटमधून नमुन्याबरहुकूम कापूनही देतो. बाकदार काचेचं तसं जमत नाही, ती साच्यावरचीच लागते.

तडा गेलेली काच म्हणून भंगारात देऊ नका. नवी बसेपर्यंत जुनी काच आणि तिचं रबर जपून ठेवा. माप जुळवायला त्याहून खात्रीचं दुसरं काही नाही.