पायरी चढणारी मुले

निकालांचे दिवस आले की आपल्या समाजात गुणवंतांच्या सत्काराची लगबग सुरू होते. शाल, श्रीफळ, पेढ्यांचा पुडा आणि अध्यक्षांचे चार उपदेशाचे शब्द. त्या रांगेत भावी डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात. कायद्याच्या पदवीचा विद्यार्थी मात्र क्वचितच दिसतो. आणि दिसलाच तर 'आता भांडायला हरकत नाही, वकील घरचाच आहे' ही कोपरखळी ठरलेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आम्हां सीमाभागातल्या घरांनी फार निष्ठेने जपली आहे. वाटणीच्या दाव्यांत ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांना दोष तरी कसा द्यावा?

तरीही या मुलांच्या कर्तबगारीकडे एकदा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते. १९३९ पासून बेळगावात राजा लखमगौडा विधी महाविद्यालय आहे, तेव्हा हे शिक्षण आम्हांस परके नाही. बेळगावचा धागा तर त्याहूनही मागे जातो. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला झाला. बालपण बेळगावात आणि पुण्यात गेले. १८९२ साली ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली. कारण स्त्रियांना पदवी द्यायची नाही, हा त्या विद्यापीठाचा शिरस्ता १९२० पर्यंत टिकून होता. परीक्षा आणि पदवी यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. यश कागदावर उमटण्याआधीच घडलेले असते, हे त्या तीस वर्षांनी शिकवले.

आजच्या मुलांचे यश मोजायचे तर पदके आहेतच. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांत जगभर नावाजलेली जेसप स्पर्धा बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९९ आणि २०१३ अशी दोनदा जिंकली. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते वेगळेच. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील स्वप्निल त्रिपाठी या विद्यार्थ्याला एक साधी गोष्ट खटकली. सर्वोच्च न्यायालयात अनुभव घेण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना सोमवारी आणि शुक्रवारी न्यायदालनांत प्रवेश नसे. दालनात जागा नाही, हे खरे. मग कामकाज दुरून तरी पाहू द्यावे, असे त्याने याचिकेत मागितले. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंह यांचीही याचिका सोबत होती. २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले. पुढे चार वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज घरबसल्या दिसू लागले. पहिल्याच दिवशीच्या सुनावण्यांत महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा खटला होता.

याचे मोल आम्हांस कुणी समजावून सांगायला नको. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या सीमादाव्याची प्रत्येक तारीख आम्ही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून वाचत आलो. न्यायमूर्तींनी काय विचारले, वकिलांनी काय उत्तर दिले, हे इतरांच्या तोंडून ऐकण्यात उमेदीची वर्षे गेली. न्यायालयाचा दरवाजा दुरूनही उघडा असावा, ही एका विद्यार्थ्याची मागणी म्हणूनच आमच्या जिव्हाळ्याची आहे.

प्रत्येक पायरी जिंकण्यासाठीच चढली जाते, असेही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सुट्टी असूनही ७ ऑक्टोबरला विशेष खंडपीठ बसले आणि पुढील तोड थांबली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. पत्र उशिरा पोहोचले म्हणून ते व्यर्थ ठरले काय? एका साध्या पत्रावर देशाचे सर्वोच्च न्यायालय सुट्टीच्या दिवशी उघडते, एवढे तरी त्या मुलांनी सिद्ध केले. पडलेल्या झाडांचे दुःख त्याने हलके होत नाही. पण उरलेल्यांसाठी हाक कोठे मारायची, हे साऱ्यांना कळले.

वाटणीच्या दाव्यात माणूस आपल्यासाठी पायरी चढतो. ही मुले दुसऱ्यांसाठी चढली. म्हण खोटी नाही, परंतु ती स्वतःपुरते पाहणाऱ्या शहाण्यांसाठी आहे. म्हणून आमची एक सूचना. यंदा आपल्या गावातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याला नुसता नारळ देऊन परत पाठवू नये. अध्यक्षांच्या भाषणातली दहा मिनिटे त्याला, तिला द्यावीत आणि विचारावे, 'बाळ, तुला काय खटकते आहे?' उत्तर ऐकण्याची तयारी मात्र आपण ठेवावी.