आईची गोफण

गव्हाणला भाताला लोंब्या धरल्या की माझी आई मजुरीवर पाखरे राखायला जाई. तिच्या गोफणीतला खडा हवा तिथेच पडे. शाळेची पायरी मात्र तिला चढता आली नाही.

परवा अकरावीतली माझी मुलगी वही मिटून म्हणाली, "बाबा, हे प्रोजेक्टाइल मला जमत नाही. मी सायन्स सोडते."

आईने विचारले, "काय गं असतं ते?"

"आजी, तिरका फेकलेला दगड किती लांब जाईल, त्याचं गणित."

आई हसली. "लई उंच नको, लई सपाट नको. मधोमध सोडायचा."

मुलगी चमकली. पुस्तकातही तेच होते. उंच फेकलेला खडा हवेत जास्त वेळ राहतो, पण पुढे कमी सरकतो. सपाट फेकलेला पुढे झेपावतो, पण लवकर जमिनीला टेकतो. ४५ अंशांवर पल्ला सर्वांत मोठा. गॅलिलिओने १६३८ साली हे ग्रंथात मांडले.

मुलीने अंगणात पाण्याचा पाइप जमिनीलगत धरून पडताळा घेतला. ३० आणि ६० अंशांना धार जवळजवळ एकाच जागी पडली! ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, ते हेच.

आईला कळत होते, लिहिता येत नव्हते. बाबासाहेबांमुळे नातीच्या हाती लेखणी आली. वही पुन्हा उघडली आहे.

बंधू-भगिनींनो, तुमची लेक सायन्स सोडते म्हणाली, तर घाई करू नका. आधी तिला आजीजवळ बसवा. जयभीम!