नव्वदची वायर, साठचा हिशेब

विजेवरची गाडी घेतली. घरी चार्जर बसवून देण्याचा मजुरीचा आकडा ऐकला आणि ठरवलं, हे आपणच करायचं. न्यू जर्सीत राहत्या घराचं वायरिंग घरमालकाला परमिट काढून करता येतं. व्होल्ट, अँपिअर बारावीपर्यंत शिकलोच होतो की!

चार्जर ४८ अँपिअरचा. दुकानातल्या माणसाने ६० अँपिअरचा ब्रेकर आणि ६ गेजची केबल काढून दिली. घरी येऊन सांगलीला बाबांना फोन लावला.

"सहाची ना? मग झालं की. आपल्या अख्ख्या घराची मेन लाइन सहाचीच आहे."

बाबांचं सहा म्हणजे चौरस मिलिमीटर. इथलं ६ गेज म्हणजे जवळपास १३.३ चौरस मिलिमीटर. त्यातून इथे नंबर वाढला की वायर बारीक होते. १४ नंबरची वायर १२ पेक्षा बारीक. तार बारीक करायला जितक्यांदा साच्यातून ओढायची तितका तिचा नंबर, अशी त्या मोजणीची मूळ रीत. बाबांना हे सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

माळ्यावरून केबल ओढली, मापात कापली आणि मंडळातल्या एका काकांना दाखवायला बोलावलं. त्यांची सगळी हयात इथे इलेक्ट्रिशियन म्हणून गेली.

"४८ला किती धरलेस?"

"४८."

"गाडी तासन्‌तास चार्ज होणार. तीन तास किंवा त्याहून जास्त चालणारा लोड सव्वापट धरायचा. साठ झाले."

त्याची मला काळजी नव्हती. नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधला ३१०.१६ हा तक्ता मी वाचून ठेवला होता. त्यात ६० अंश, ७५ अंश आणि ९० अंश सेल्सिअस असे तीन रकाने आहेत. वायरवरचं इन्सुलेशन किती तापमान सोसेल, त्यावर रकाना ठरतो. ६ गेजच्या तांब्याला अनुक्रमे ५५, ६५ आणि ७५ अँपिअर. माझ्या केबलवर 'एनएम-बी' छापलेलं, आणि त्यातला 'बी' म्हणजे ९० अंश. म्हणजे ७५ अँपिअर! वर पंधरा शिल्लक.

काका हसले. "या जातीच्या केबलला रकाना साठचाच. पंचावन्न."

"मग नव्वदचं इन्सुलेशन घातलंय कशाला?"

कारण छतातल्या दिव्यांच्या उष्णतेने जुन्या केबलींचं इन्सुलेशन करपायचं. म्हणून १९८४ मध्ये कोडने ते ९० अंशाचं करायला लावलं, पण अँपिअर वाढवून दिले नाहीत. पगार तोच, फक्त छत्री दिली.

ही छत्री माळ्यावर उपयोगी पडते. तक्त्यातले आकडे भोवतालचं तापमान ३० अंश धरून दिलेले. उन्हाळ्यात माळा ५० अंशांवर जातो असं धरलं, तर कपातीचा हिशेब ९०च्या रकान्यातून सुरू करायची मुभा आहे: ७५ गुणिले ०.८२, म्हणजे ६१.५. साठच्या रकान्यातून केला असता तर ५५ गुणिले ०.५८, जेमतेम ३२ उरले असते.

"एकसष्ट! म्हणजे साठाच्या वर!" मी पुन्हा उसळलो.

"कपात करून किती का येईना, पंचावन्नच्या वर जायचं नाही."

याहून चक्रावणारं पुढेच होतं. ५५ अँपिअरचा ब्रेकर प्रमाणित मापांत नाही, तेव्हा या केबलला वरच्या मापाचा, ६०चा ब्रेकर लावायला कोडची हरकत नाही. मात्र तिच्यावर साठचा हिशेब होणारा लोड घालायला हरकत आहे. म्हणजे ब्रेकर कायदेशीर, केबल कायदेशीर, आणि जोडणी बेकायदा! हे मी तीनदा समजून घेतलं. अजूनही रात्री उशिरा नीटसं समजत नाही.

वाटा दोन होत्या. एक, पाइपातून ९० अंशाच्या सुट्या वायरी न्यायच्या. ब्रेकर आणि चार्जरच्या टर्मिनलवर ७५ अंश छापलेलं असेल तर ६५ अँपिअर धरता येतात. टर्मिनल तापलं तर वायरच्या नव्वदीचा उपयोग काय, म्हणून तिथला आकडा बघायचा. दुसरी, चार्जरच्या आतलं सेटिंग ४० अँपिअरवर आणायचं. त्याची सव्वापट ५०, ब्रेकर ५०चा.

कापलेली केबल दुकानदार परत घेणार नव्हता. मी ब्रेकर तेवढा बदलून आणला. गाडी रात्रभर उभीच असते; ११.५ऐवजी ९.६ किलोवॉटने सावकाश भरली तर कुणाचं काय जातंय!

इन्स्पेक्टर पास करून गेला त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"मग, कितीची टाकलीस शेवटी?"

"सहाची."

"मी काय सांगत होतो?"