भिंत किती वजनाची, जागा कोणाची

मावळातल्या पावसात लहान घरात राहणे म्हणजे काय, हे मी इथे राहून चांगलेच जाणतो. तिरकी सर बाल्कनीतून थेट घरात येते, कपडे वाळत नाहीत, मुलांच्या अभ्यासाला कोपरा उरत नाही. मग तळेगाव दाभाड्यातल्या म्हाडासारख्या सरकारी वसाहती असोत की इतर कुठल्या, बाल्कनी बंद होते, गच्चीवर पत्रा चढतो, तळमजल्यापुढच्या मोकळ्या जागेत एखादी खोली निघते. परवानगी नसेल तर कायद्याच्या लेखी हे सगळे सारखेच अनधिकृत. यातले पुष्कळसे अधिकृत करावे असे मला मनापासून वाटते. मात्र त्यासाठी आपण लावतो ती कसोटीच चुकीची आहे.

आजची कसोटी तारखेची आणि पैशाची आहे. 2017 साली नगररचना कायद्यात अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी कलम 52-अ आले, त्याची मुदतरेषा 31 डिसेंबर 2015. गुंठेवारीचा कायदा 2001चा. 2021च्या दुरुस्तीने त्याची मुदत 2020च्या अखेरीपर्यंत सरकली. तारीख एकदा सरकली की पुन्हा सरकेल, अशी खात्री लोकांना वाटू लागते. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरच्या दंडाचे, म्हणजे शास्तीकराचे, तेच झाले. वर्षानुवर्षे थकबाकी साचली, 2023 मध्ये ती माफ झाली, आणि घरे होती तशीच अनधिकृत राहिली. दंड भरल्याने इमारत भक्कम होत नाही, माफ केल्यानेही नाही.

खरे प्रश्न दोनच: वाढीव काम इमारतीला पेलवते का, आणि ते कोणाच्या जागेत आहे? साडेचार इंची विटांची दहा फूट उंच भिंत धावत्या मीटरला सहा-सातशे किलो भरते. बाहेर झुकलेल्या बाल्कनीच्या टोकाला हा भार दिला तर खालच्या मजल्यांवरच्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. तिथेच ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लावली तर धोका फारसा नाही. दोन्हींना एकच नोटीस जावी, यात कसला न्याय? तळमजल्याची खोली भक्कम असेलही, पण ती सोसायटीच्या सामाईक जागेवर, अग्निशमनाची गाडी वळायच्या वाटेवर उभी असेल, तर ती पाडलीच पाहिजे. गरज कितीही खरी असो, शेजाऱ्याची जागा तिच्या बदल्यात देता येत नाही.

नियम पाळणाऱ्याने मग मूर्खपणा केला का, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. त्याचे उत्तर असे, की जे बदल निर्धोक ठरतील त्यांची परवानगी यापुढे प्रत्येकाला, आधी अर्ज करून, सोप्या रीतीने मिळावी. उशिरा येणाऱ्याने जास्त शुल्क भरावे. दुसरा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. मेरठमध्ये उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकाने उभी राहिली होती. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम ठेवला. बरीच वर्षे लोटली किंवा पैसा गुंतला म्हणून बेकायदा काम कायदेशीर होत नाही, असे बजावले. मला हा निकाल मान्य आहे. तिथे राहत्या जागेचा बाजार झाला होता. मी बोलतो आहे ते राहत्या घरातल्या राहत्या खोलीबद्दल, आणि तेही नियम आधी बदलून.

लोणावळ्याची गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. 2020ची एकीकृत बांधकाम नियमावली तळेगावला लागू आहे, पण लोणावळा नगरपरिषद तिच्यातून नावानिशी वगळलेली आहे. हा अपवाद मला योग्य वाटतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या उतारावर नाल्याच्या कडेची एक भिंतही पाण्याची वाट बदलते; तिथे सवलत मोजूनमापूनच द्यावी.

राहता राहिला तपासणीचा खर्च. अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबाने एकेकटे अभियंत्याकडे जावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. घरे ज्या मंडळाने बांधली त्यानेच संपूर्ण इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे, आणि घरागणिक काय ठेवायचे, काय काढायचे, याची यादी जिन्याखालच्या फलकावर लावावी.