मिशन रचणाऱ्याचा हिशेब

डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये मी उडतो कमी, मित्रांसाठी मिशन जास्त रचतो. त्यामुळे नवं विमान, नवा नकाशा विकायला आला की तो दिसतो कसा हे मी नंतर बघतो. ज्याने घेतला नाही त्याचं काय, हा पहिला प्रश्न.

विमानाने कुणाचं अडत नाही. माझ्याकडे एफ-१४ नसलं तरी मित्राचं मला आकाशात दिसतं, मला पाडतंही. पैसे पडतात ते कॉकपिटमधल्या जागेचे. नकाशाचं तसं नाही. सीरियात मिशन मांडलं की ज्याच्याकडे तो नकाशा नाही तो बाहेरच राहतो. म्हणून आमची बहुतेक युद्धं अजून फुकटच्या कॉकेशसवर, जॉर्जियातल्या कुटाइसी-बाटुमीच्या आसपास होतात. कंटाळा येतो, पण सगळे येतात.

विमानांतही दोन जाती. फ्लेमिंग क्लिफ्समधलं एफ-१५सी कीबोर्डवरून झटकन सुरू होतं. कॉकपिटमधली बटणं नुसती बघायची. मिग-२१बिसमध्ये बॅटरी, इन्व्हर्टर, जायरो, इंधनपंप, एकेक खटका आपणच वर करायचा. पुढे आफ्टरबर्नर लावला की इंधनाचा काटा बघवत नाही. मिगवाल्यांना मी लक्ष्य जवळचं देतो आणि निघायला वेळ ठेवतो. नाहीतर एफ-१५वाला वर घिरट्या घालत कुरकुरतो. मिग-२१ एके काळी नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनत. सिम्युलेटरमधल्या मिगवर भारतीय वायुदलाचे रंग चढवता येतात, पण नाशिकचा नकाशा नाही. ओझरचं विमान जॉर्जियातून उडतं. रंगांचा त्रास मात्र शून्य. ज्याने ते उतरवून घेतले नाहीत त्याला विमान दुसऱ्या रंगात दिसतं, इतकंच.

हौशी मंडळींच्या फुकट मॉडना मी बिचकतो. ए-४ स्कायहॉक हे त्यातलं देखणं काम, विकतच्या काही विमानांच्या तोंडात मारेल असं. पण मिशनमध्ये घ्यायचं तर प्रत्येकाच्या फोल्डरात तीच आवृत्ती आहे ना, हे विचारत फिरावं लागतं. त्यात मूळ सिम्युलेटर अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून.

विकतचं कॅम्पेन, म्हणजे दुसऱ्याने रचलेल्या मिशनांची मालिका, स्वस्त दिसतं, पण त्याचं ठरलेलं विमान आणि नकाशा आधी पदरी असावा लागतो. तरी मी ते घेतो. एकट्याने उडायचं, कुणाकडे काय आहे विचारायचं नाही; आणि शत्रू कुठून येणार हे एकदा तरी मला आधी ठाऊक नसतं.