चोक केव्हां सोडावा?

परभाषेंतून मराठींत आलेल्या कित्येक शब्दांचा मूळ अर्थ आपणांस ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक नसल्यानें आपलें कांहीं अडतही नाहीं. ‘चोक’ हा त्यांपैकींच एक. फटफटी सुरू होत नसली म्हणजे शेजारचा कोणीही गृहस्थ ओट्यावरून ‘अहो, चोक ओढा कीं!’ असा सल्ला देतो. परंतु या शब्दाचा अर्थ श्वास कोंडणें असा आहे हें त्याला सांगितलें तर तो चकित होईल. ज्याला जागें करावयाचें त्याचाच श्वास कोंडावयाचा, हा प्रकार वरवर पाहतां विपरीत दिसतो खरा. चूल पेटत नसली तर आपण फुंकणी घेतों, बंबाच्या जाळीखालची राख ओढून हवेला वाट करून देतों. येथें मात्र यंत्राचें तोंड मिटावयाचें!

याची उपपत्ति ज्यांनीं रॉकेलचा स्टोव्ह पेटविला आहे त्यांना लौकर कळेल. पातळ रॉकेल नीट जळत नाहीं, त्याची वाफ व्हावी लागते. म्हणून आमच्या आया स्टोव्हच्या डोक्याला आधीं काकडा लावीत आणि तें चांगलें तापल्यावर मगच पंप मारीत. घाई करणाऱ्याच्या हातून पातळ रॉकेल उसळे व पिवळी ज्योत छताकडे धांवे. पेट्रोलचीही तीच गोष्ट आहे. तापलेल्या इंजिनांत एक भार पेट्रोलला सुमारें १४.७ भार हवा मिळाली म्हणजे तें पुरतें जळतें. थंडगार इंजिनांत मात्र कार्बोरेटरमधून निघालेलें पेट्रोल वाटेंतील गार भिंतींना दंवासारखें धरतें, आणि ठिणगीपाशीं वाफेच्या रूपानें फारच थोडें पोहोंचतें. शिवाय पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नव्हे. त्यांत लौकर उडून जाणारे हलके अंश असतात, तसे रेंगाळणारे जडही असतात. गारठ्यांत कामीं येतात ते हलकेच. ते पुरेसे मिळावे म्हणून सगळेंच पेट्रोल अधिक द्यावें लागतें. कार्बोरेटरच्या तोंडाशीं असलेली लहानशी झडप मिटली कीं हवा कमी येते, इंजिनाचा ओढा पेट्रोलवर पडतो, आणि मिश्रण दाट होतें. इंजिनाला काकडा लावतां येत नाहीं, म्हणून हा उपाय.

कांहीं गाड्यांत झडप नसतेच. अधिक पेट्रोल येण्यासाठीं एक निराळी बारीक वाट असते आणि खटका ओढला कीं ती उघडते. तेथें कोणाचाही श्वास कोंडला जात नाहीं, तरी नांव चोकच! संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें मला येथें यौगिक आणि रूढ शब्दांचा भेद आठवल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या गाडीचा चोक यौगिक, दुसरीचा रूढ. या दुसऱ्या जातीच्या गाडीला किक मारतांना मूठ पिळूं नये. मूठ पिळली कीं त्या बारीक वाटेवरचा ओढा कमी होतो आणि चोक ओढून न ओढल्यासारखा होतो.

आमच्या घरची फटफटी धाकट्या भावानें १९९८ सालीं घेतलेली, शंभर घनसेंटिमीटरची. तिचा चोक झडपेचा, आणि त्याची दांडी कार्बोरेटरच्याच अंगाला, डाव्या गुडघ्याखालीं. आम्ही राहतों निफाड तालुक्यांत. पुतण्याची बायको, आमची सूनबाई, सतरा किलोमीटरांवरच्या एका माध्यमिक शाळेंत गणित शिकविते. शाळा सकाळीं सात वाजून दहा मिनिटांनीं भरते, म्हणजे हिला सहा-सव्वासहालाच घर सोडावें लागतें. ऐन थंडींत इकडे पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षाच्या बागा वांचविण्यासाठीं शेतकरी रात्रीं शेकोट्या पेटवून ठेवितात. अशा गारठ्यांत गाडी सुरू करून देण्याचें काम पहिल्यापासून पुतण्याकडे होतें. तो अंगणांत चार किका मारी, मूठ पिळून गाडी कांहीं वेळ गुरगुरत ठेवी, आणि आयती तिच्या हातीं देई. त्यांत प्रेम होतें यांत शंका नाहीं. पण गेल्या वर्षीं नोव्हेंबरांत त्याची पुण्यास बदली झाली, आणि असें उघडकीस आलें कीं, दोन वर्षें रोज चौतीस किलोमीटर गाडी चालविणाऱ्या मुलीला ती सुरू करतां येत नाहीं.

घरांत सभा भरली. वहिनींचें मत, रिक्षा लावावी. भावाचें मत, ही विकून बटणाची नवी गाडी घ्यावी. त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहींसा झाला. त्याच्याबरोबर चोकही गेला. आतां इंजिनाच्या अंगाला तापमापक असतो, सायलेन्सरच्या नळींत प्राणवायूचा अंदाज घेणारें दुसरें उपकरण असतें, आणि एक इवलासा संगणक क्षणोक्षणीं हिशेब करून पेट्रोलची पिचकारी कमीअधिक करतो. धूर कमी झाला हें चांगलेंच झालें. जुनें तेवढें सोनें म्हणून हळहळणाऱ्यांपैकीं मी नाहीं. परंतु नव्या गाडीला पैसे लागतात. सूनबाई अजून शिक्षणसेवक आहे, तिच्या मानधनांत रोजची रिक्षाही बसत नव्हती. नोकरी सोडावी असें कोणी उघड म्हटलें नाहीं, पण तो शब्द घरांत वावरूं लागला होता. तिनें एवढेंच विचारलें, “काका, मला शिकवाल?”

चोक देणें शिकवावयास पांच मिनिटें लागलीं. पेट्रोलचा कॉक उघडावा, गाडी न्यूट्रलमध्यें आहे असें पाहावें, दांडी वर करावी. चावी न फिरवितां दोन किका सावकाश माराव्या, म्हणजे दाट मिश्रण आंत ओढलें जातें. मग चावी फिरवून एक किक पार खालपर्यंत. जोर बेताचा असला तरी चालतो, अर्धवट किक चालत नाहीं. पहिल्याच दिवशीं गाडी सुरू झाली आणि वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

अवघड भाग पुढेंच होता. चोक लौकर सोडला तर इंजिन एक आचका देऊन बंद पडतें. उशिरां सोडला तर आवाज जड होतो, मधूनच ठोका चुकतो, काळसर धूर येतो, प्लगवर काजळी धरते, अॅव्हरेज उतरतें. आणि न दिसणारें नुकसान असें कीं, न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचें ऑइल धुऊन खालीं नेतें. याला घड्याळ उपयोगी नाहीं, कारण आजचा गारठा उद्यां नसतो, आणि दुपारीं तापलेल्या गाडीला चोक मुळींच नको असतो. मीं तिला मिनिटें सांगितलींच नाहींत. दांडी अर्ध्यावर आणून ऐक म्हणालों. आवाज खचला तर पुन्हां वर, टिकला तर पुरती खालीं.

शाळेंत आठवीच्या मुलांना श्लोक देतांना मी संधि फोडून, अन्वय लावून देत असें. पहिल्या सहामाहींत त्यावांचून मुलें एक पाऊल टाकीत नाहींत. बाजारांतील गाइडें मात्र दहावीच्या अखेरपर्यंत तेंच करीत राहतात. म्हणून पंचाण्णव गुण मिळविणारा मुलगा न फोडलेली ओळ पुढें येतांच बंद पडतो. मदत केव्हां सुरू करावी हें बहुतेक शिक्षकांना कळतें. ती केव्हां काढावी हें त्या त्या मुलाच्या वाचण्याच्या आवाजावरूनच ओळखावें लागतें, आणि एका वर्गांत साठ आवाज असतात.

चौथ्या दिवशीं गाडी ओव्हरफ्लो झाली. पहिल्या दोन किकांत दाद मिळाली नाहीं म्हणून तिनें चोक तसाच ठेवून आणखी दहा मारल्या, आणि प्लग भिजला. “मी म्हणत होतें रिक्षा लावा,” वहिनी दारांतून म्हणाल्या. अशा वेळीं चोक पुरता सोडावा, मूठ पूर्ण पिळून धरावी आणि पांच-सहा किका माराव्या, म्हणजे भरपूर हवा जाऊन आंतलें ओलें मिश्रण निघून जातें. तरीही न जमल्यास प्लग काढून कोरड्या फडक्यानें पुसावा. तिला प्लगच काढावा लागला. शाळेंत लेटमार्क पडला. संध्याकाळीं येतांना तिनें स्वतःच्या पैशांनीं एक प्लग-पाना विकत आणला व गाडीच्या डिकींत ठेवला.

दुसऱ्या आठवड्यापासून मी पहाटे अंगणांत जाणें बंद केलें. अंथरुणांत पडल्या पडल्या ऐकत असें. कधीं दुसऱ्या किकला, कधीं चौथ्या. मग तो जड आवाज, आणि कोपऱ्यावरच्या पिंपळापाशीं पोहोंचतां पोहोंचतां तो एकदम मोकळा होई, म्हणजे तेथें तिनें वांकून दांडी खालीं केलेली असे.

गाडीची नोंदणी २०२३ सालीं पांच वर्षांसाठीं वाढवून घेतली आहे, तेव्हां २०२८ पर्यंत विकण्याची चर्चा आतां कोणी काढीत नाहीं. यंदा संक्रांतीस पुतण्या घरीं आला होता. दुसऱ्या दिवशीं सहाला उठून तो जुन्या संवयीनें अंगणांत गेला, गाडी सुरू केली आणि मूठ पिळीत उभा राहिला. सूनबाई स्वयंपाकघरांत डबा भरीत होती. तिनें खिडकींतून बाहेर पाहिलेंही नाहीं.

“अहो, चोक सोडा,” ती आंतूनच म्हणाली, “गाडी तापली.”